पाच वजनाचं तेल

आमचे दाजी कुठल्याही पदार्थाचा दर्जा चिमटीत ठरवत. वरण असो, श्रीखंड असो, भिंतीचा रंग असो, थेंबभर बोटांवर घ्यायचं, बोटं उघडझाप करायची आणि निकाल द्यायचा, "पातळ आहे." ताईचा नवरा, म्हणजे घरचा जावई. त्यामुळे त्यांचं अज्ञान आमच्याकडे पोह्यांची दुसरी बशी पुढे करत ऐकलं जाई.

निवृत्तीनंतर बाबांनी पहिलीच गाडी घेतली. आईला एकदा तरी स्वतःच्या गाडीतून सटाण्याला, तिच्या माहेरी न्यायचं, एवढीच त्यांची हौस. जन्मभर ती एसटीत मांडीवर पिशव्या घेऊन गेली होती.

सर्व्हिसिंगला दाजी आपणहून गॅरेजात हजर. त्यांच्या नावावर तेव्हा एक स्कूटर होती, तीही रुसणारी. डब्यावरचं '५डब्ल्यू-३०' वाचून ते हसलेच. "मामा, डब्ल्यू म्हणजे वेट, वजन! पाच वजनाचं तेल गाडीत घालता की बाळाच्या टाळूला?"

मी म्हणालो, "दाजी, डब्ल्यू म्हणजे विंटर. आकडा जितका लहान, तितकं गार इंजिनात तेल लवकर पोचतं. गाडीच्या पुस्तकात हेच घालायला सांगितलंय."

"पुस्तकं लिहिणाऱ्यांनी नाशिकचं ऊन बघितलंय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि काकवीसारखं '२०डब्ल्यू-५०' ओतलं गेलं. जावयाचा शब्द मोडायचा नाही, ही आमच्या घरची रीत. असल्या रीतींवरच असले शहाणे पोसले जातात.

थंडीत गाडी सकाळी खडखडू लागली. दाजी म्हणाले, "दणकट आवाज आहे." ॲव्हरेज घसरलं, तर म्हणाले, "मामा, गिअर नीट टाका." पुढच्या सर्व्हिसिंगलाही तेच तेल. मधे आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मग पाऊस लागला, सटाण्याला जाणं राहतच गेलं. माणूस दुष्ट नव्हता, हे कबूल करतो. आईसाठी दवाखान्यात तळ ठोकून बसला, फक्त तिथे डॉक्टरांना सल्ले देत होता.

शेवटी ऐन जानेवारीत निघालो. देवळ्याच्या अलीकडे गाडीनं मान टाकली. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला होता. मेकॅनिक म्हणाला, "एवढं घट्ट तेल, वरपर्यंत वेळेत पोचणार कसं?" आई नव्या साडीचा पदर खोचून एसटीत चढली. दाजींचं म्हणणं एकच, "मॉडेलच पातळ."

बाबांनी गाडी विकली. वर्षभरात आई गेली. माहेरच्या दारात तिची गाडी काही थांबली नाही, आणि दाजींवरचा माझा राग अजून उतरलेला नाही. बाबा मात्र त्यांना कधी अवाक्षर बोलले नाहीत.

यंदा दाजींच्या मुलीला बघायला मुलगा आला. दाजींनी त्याला पगारापासून पत्रिकेपर्यंत पिळून काढलं. बाबांनी एकच विचारलं, "गाडीत तेल कुठलं घालता?"

मुलगा गोंधळला. "नक्की आठवत नाही, आजोबा. पुस्तकात बघून सांगतो."

दाजी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तुम्ही गप्प बसा, जावईबापू. मुलगा पसंत आहे."