साबण तिचा, चेहरा त्यांचा

या, जरा इकडे सरकून बसा. आणि तो फोन पालथा ठेवा बघू. निवडणूक आली की त्यावर तावातावाने भांडता, आणि मत द्यायला गावी जाणार का विचारलं, तर "काकी, लीव्ह नाही." मग भांडता तरी कशाला? ऐका, एकीचं सांगते.

ती कधी बोट दाखवायची नाही. ओठांचा चंबू करून ओठांनीच दिशा दाखवायची. "लोला, टॉवेल," म्हणत चंबू डावीकडे. फिलिपिन्सची माणसं तसंच दाखवतात म्हणे. मला आधी वाटलं, बाई वाकुल्या दाखवतेय. लोला म्हणजे त्यांच्याकडे आजी.

इथे अबू धाबीत, अल रीमला आमच्या टॉवरच्या तळमजल्यावर लेडीज सलून आहे, तिथे ती केस धुवायची. माझे हात खांद्यांच्या वर जात नाहीत, म्हणून दर गुरुवारी मी तिच्या हवाली. शाळा माझी चौथीत सुटली. इंग्रजी जे काय येतं ते टीव्हीवरून, आणि तिच्या बेसिनवर डोकं टेकून शिकलेलं.

सलूनच्या टीव्हीवर तिच्याकडचा कुणी पुढारी दिसला की चंबू त्याच्या दिशेने, आणि "सेम फॅमिली, लोला." तिच्या गावचं तसंच. आधी आजोबा मेयर, मग बाप, बापाची मुदत संपली तेव्हा आई, आता थोरला.

"आणि धाकटा?"

"कौन्सिलमध्ये."

"आणि कुत्रं?"

हसता हसता तिने माझ्या कानात पाणी घातलं. "कुत्र्याला मी मत देईन, लोला. चोर आला की निदान भुंकतो तरी."

घराणेशाही नको, असं त्यांच्या घटनेतच लिहिलंय म्हणे. फक्त त्याचा कायदा करायचा राहिलाय. का राहिलाय, मी विचारलं. "करणार कोण? सेम फॅमिली."

माझा मुलगा घाबरट. "आई, सलूनमध्ये पॉलिटिक्स नको. हा देश आपला नाही." मी म्हटलं, अरे, आम्ही या देशाचं कुठे बोलतोय?

आपल्याला मत द्यायला गावीच जावं लागतं, त्यांना इथूनही देता येतं. त्यांच्याकडे मतदान होतं तेव्हा ती मला सोबत घेऊन गेली. कडक इस्त्रीचा शर्ट, ओठांना लाली, जणू कुणाच्या लग्नाला निघालीय. भर उन्हात वकिलातीबाहेर रांग. मत देऊन आली ती छाती फुगवून. "एकच मत, लोला. पण कुणाच्या तांदळाचं नाही." गावात मतदानाआधी पिशवीतून तांदूळ येतो, ते मला माहीत होतं.

पुढे तिच्या बेटावर वादळ आलं. निम्म्या गावाची छपरं उडाली. ही माणसं घरी मोठमोठी खोकी पाठवतात, जहाजाने जातात ती. एरवी महिनोन्‌महिने भरतात. हिने आठवड्यात चार भरली. टॉवरमधल्या प्रत्येक दारात जाऊन साबण, दुधाचे डबे, कॉफी, शाळेची दप्तरं गोळा केली. मी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून दिली, तान्ह्या पोरांसाठी. तिने भावाला बजावलं होतं: शाळेतल्या बाईंकडे दे, वाटताना कुणाचं नाव नको, माझंसुद्धा नको.

खोकी पोचली तेव्हा तिथे मेयरच्या घरची सून निवडणुकीला उभी राहत होती.

एका गुरुवारी तिने ओल्या हातानेच फोन माझ्यापुढे धरला. फोटोत तिची आई, हातात पारदर्शक पिशवी. पिशवीत साबण, डबा, माझं निळ्या काठाचं दुपटं. आणि पिशवीवर चिकटवलेला त्या सुनेचा हसरा चेहरा. आईही हसत होती.

"माय सोप," ती म्हणाली. "हर फेस."

तिने तिथेच भावाला फोन लावला. तो मेयरच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्याचं बोलणं ती मला तुकड्यातुकड्यात सांगत होती. तो म्हणाला, रस्ता वाहून गेला होता, ट्रक एकट्या मेयरकडे. स्टिकर लाव, नाहीतर माल धक्क्यावर कुजू दे, असं मेयरची माणसं म्हणाली. मी काय करायला हवं होतं, असं उलट त्याने तिलाच विचारलं.

तिने फोन ठेवला आणि माझं डोकं पुन्हा बेसिनवर टेकवलं.

मग तिने नोकरी सोडली. सरपंचासारखं पद असतं त्यांच्याकडे, त्यासाठी उभी राहते म्हणाली. मी रागावले. "अगं, चांगलं चाललंय ना इथे?" म्हणाली, "इथे चाललंय, लोला. तिथे नाही."

गेली. घरोघर फिरली. बायका तिचं ऐकायला लागल्या, तेव्हा मेयरच्या लोकांनी हरकत घेतली. उमेदवार वर्षभर तरी गावात राहिलेला हवा, असा नियम. आणि हिने तर अबू धाबीतून मत दिलेलं! इथल्या मतदार यादीतलं नाव आधी गावी वळवून घ्यायला हवं होतं. कुणी सांगितलंच नाही. ज्या मताची तिला एवढी मिजास, तेच तिच्यासमोर धरलं. साक्षीला भाऊ. "बहीण परदेशात असते. घरी पाहुणी येते." घर कुणाच्या कमाईचं, ते त्याला कुणी विचारलं नाही.

हिचा अर्ज बाद झाला, आणि मेयरचा पुतण्या बिनविरोध निवडून आला.

आता ती त्याच घरात राहते. भावाशी बोलत नाही. आई अजून पिशव्या घेते. म्हणते, तांदळाला काय नाव असतं? ही ओसरीत केस कापते आणि पुढच्या निवडणुकीची वाट बघते. सलूनची मालकीण तिला परत घ्यायला तयार आहे. मी फोनवर म्हटलं, "ये गं पोरी, नाहीतर चार दिवस भेटून तरी जा."

"नॉट येट, लोला. विमानात पाय ठेवला की मी पुन्हा पाहुणी."

तिथे ते तिला गावची म्हणत नाहीत, आणि गावची ठरायचं म्हणून ती इकडे येत नाही. माझं वय बघता ते "नॉट येट" संपलेलं मला काही दिसायचं नाही.

तुम्ही इथल्या इथे मुसफ्फाहून यायचे, अर्ध्या तासाची वाट. तुम्हाला कुणाची हरकत नाही की साक्ष नाही. पार्किंग मिळत नाही ही सबब सांगू नका. येत्या रविवारी या, जेवायलाच या. उशीर लावू नका गं.