महाळुंग्यातलं लाइफ जॅकेट

एका मंगळवारी माझी बायको कंपनीत गेली. जेवणाच्या सुट्टीत ती खुर्चीवरून पडली. कंपनीतल्या लोकांनी तिला दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला. मी पोहोचलो तेव्हा ती गेली होती.

महाळुंग्यातल्या एका लहान कारखान्यात ती डिझाइनचं काम करायची. आजूबाजूला सगळे मोटारींचे सुटे भाग बनवणारे, आणि त्यांच्या मधोमध एका पत्र्याच्या शेडमध्ये जहाजावरची नारिंगी लाइफ जॅकेटं शिवली जातात. मी घरी बसून मुद्रितं तपासतो. माझा दिवस चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जातो. तिच्या कामाचं मला कुतूहल वाटायचं ते घरात येणाऱ्या वस्तूंमुळे. बाथरूममध्ये मिठाच्या पाण्याची बादली आणि तिच्यात कापडाच्या पट्ट्या. शेजारच्या टबात फोमचा तुकडा, वर वरवंटा ठेवून बुडवलेला. कंपनीत यासाठी यंत्रं होती, पण तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे. फोम दाबून ठेवला की किती पाणी पितो, हे ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. मी कधी चटणीसाठी वरवंटा मागितला तर म्हणायची, "मिक्सरवर कर. तो ड्यूटीवर आहे."

कारखान्यात एरवी दुसऱ्यांच्या डिझाइनची जॅकेटं शिवली जात. हे नवं जॅकेट मात्र पूर्णपणे तिचं होतं. ते जहाजावर चढायचं तर त्याला सरकारची मंजुरी लागते. ती मिळायच्या आत ती गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी कारखान्याचे मास्टर घरी आले. शिवणखात्याची सगळी जबाबदारी त्यांच्याकडे. त्यांच्या वडिलांचं खडकीला शिंप्याचं दुकान होतं आणि अजूनही ते समोरच्या माणसाकडे आधी खांद्यांपासून बघतात. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मॅडमच्या जॅकेटची चाचणी लागली, भाऊ. सरकारच्या जहाजखात्याचा सर्व्हेयर येणार. पण एक माणूस कमी पडतोय."

नियमाप्रमाणे जॅकेट जिवंत माणसांना घालून पाण्यात तपासतात, आणि माणसं निरनिराळ्या अंगाची लागतात. बुटकी, जाड, उंच, बारीक, बायकाही. कारखान्यात उंच आणि बारीक असा एकच होता, स्टोअरमधला. त्याला कावीळ झाली होती.

"मॅडम म्हणायच्या, तसला एक नमुना आमच्या घरी आहे, पण तो पुस्तकातून उठत नाही." मास्टर हसले आणि लगेच गंभीर झाले. "मालक बोलले, या खेपेला नाही झालं तर हे डिझाइन गुंडाळायचं. पुन्हा फी भरणार नाहीत. पोहता येतं ना तुम्हाला?"

"लहानपणी विहिरीत शिकलो. पाठीला भोपळा बांधून."

"बस झालं. आता मॅडमचा भोपळा बांधा."

महापालिकेचा पोहण्याचा तलाव दुपारी बंद असतो. तेवढा वेळ तो भाड्याने घेतला होता. कारखान्यातले काही पुरुष आणि शिवणखात्यातल्या चार-पाच बायका आल्या होत्या, महाळुंगे आणि आसपासच्या गावांतल्या. माझ्या बायकोला त्या ताई म्हणत, त्यामुळे मी त्यांचा दाजी.

सर्व्हेयर काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. पूर्वी तो जहाजांवर इंजिनिअर होता. मास्टर एकेका बाईला जॅकेट चढवत होते, तोवर मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. कितीतरी दिवसांत मला कुणाला काही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

"तुमचं खातं समुद्राचं. इथे मोटारींच्या गावात कसं काय?"

"जहाज बघायचं म्हणजे नुसतं जहाज बघून भागत नाही," तो म्हणाला. "त्याच्यावरची होडी, दिवा, शिट्टी, दोर, खलाशाचे डोळे, खलाशाचे दाखले, सगळं बघावं लागतं. वस्तू जिथे बनते तिथे जातो आम्ही. कोइमतूरला गेलोय, लुधियानालाही गेलोय."

"आणि कोळ्यांच्या नावा?"

"त्या मत्स्यखात्याकडे."

"धरणातल्या बोटी?"

"त्या राज्याच्या मंडळाकडे. बंदरात माल उतरला की कस्टमवाले. गस्त घालणारे आणखी निराळे."

"पण पाणी तर एकच."

"पाणी एकच. सह्या निराळ्या," तो म्हणाला, आणि हसला नाही.

मला आणखी विचारायचं होतं. खाडी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो, हे कोण ठरवतं? तिथे उलटलेली नाव कुणाच्या हद्दीत बुडते? पण माझी पाळी आली.

करायचं ते सोपं होतं. पाण्यात उतरायचं, पालथं होऊन तीन हात मारायचे, मग थकून शुद्ध गेल्यासारखं अंग सोडून द्यायचं, तोंड पाण्यात. बाकीचं जॅकेटने करायचं. त्याने माणसाला उताणं करून ठरलेल्या सेकंदांच्या आत तोंड पाण्याबाहेर आणायचं.

"दाजी, भ्या वाटतंय का?" काठावरून एकीने विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. त्या हसल्या.

"मग सोपं हाय. मेल्यावानी पडायचं नुसतं." बोलून गेल्यावर तिने तोंडावर पदर दाबला. दुसरीने तिला कोपराने ढोसलं. "काय बोलतीस गं, कुणापुढं!"

मी तीन हात मारले आणि अंग सोडलं. क्षणभर काहीच झालं नाही. जॅकेट विचार करत असल्यासारखं थांबलं होतं. मला मालकांचं बोलणं आठवलं आणि मी डावा खांदा थोडा खाली दाबला. लगेच उलटलो. वर आलो तेव्हा मास्टर टाळ्या वाजवत होते.

"हे धरता येणार नाही," सर्व्हेयर म्हणाला. "तुम्ही त्याला मदत केलीत."

मी येऊन काठाला धरलं.

"तुम्ही कारखान्यातले?"

"नाही. हे जॅकेट माझ्या बायकोने केलंय." मग मला नीट सांगावं लागलं. "ती गेली. अलीकडेच."

तो घड्याळाशी चाळा करत बसला. मास्टर त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी म्हणाले, बहुधा उंच-बारीक दुसरा कुणी नाही एवढंच.

"नातेवाईक नको, असं नियमात कुठे नाही," तो शेवटी म्हणाला. "अंग ढिलं हवं, एवढं आहे. पुन्हा करा."

दुसऱ्या वेळी माझी मान ताठ राहिली. तेही त्याला खुर्चीतून दिसलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या ओळींत असंच काहीबाही पकडत आलो. माझ्याच अंगातलं असं काही कुणी पकडलं, हे पहिल्यांदाच झालं. राग आला नाही. उलट या माणसाने खोटं चालू दिलं नाही तर जॅकेट खरंच जमलंय की नाही ते मलाही समजेल, असं वाटलं. मला ते समजून घ्यायचं होतं.

तिसऱ्या वेळी मी हात सोडले, मान सोडली. नाकात क्लोरिनचा वास, खाली तळाच्या निळ्या फरशा. मी काही केलं नाही. छातीखाली काहीतरी फुगल्यासारखं झालं, एक बाजू उचलली गेली, आणि मानेमागच्या कॉलरने डोकं मागे ओढलं. तोंडावर हवा आली. वर पत्र्याचं छप्पर होतं. मी तसाच तरंगत राहिलो. बाहेर या म्हणून मास्टरना दोनदा हाक मारावी लागली.

माझ्या मापाला जॅकेट पास झालं. गडबड झाली सगळ्यात बुटक्या बाईपाशी. ती पाण्यात गेली आणि जॅकेट सरकून तिच्या कानांवर चढलं.

"मला काई दिसंनाच की," ती काठाला धरून म्हणाली. "निस्तं नारिंगी!"

मास्टर खाली बघत होते. जॅकेट वर सरकू नये म्हणून मांड्यांमधून एक पट्टा घेतात. बायकांना तो घालायला संकोच होतो म्हणून माझ्या बायकोने तो मुद्दाम ठेवलाच नव्हता. कमरेचाच पट्टा रुंद केला होता. मास्टरनी हे सर्व्हेयरला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण नापास ते नापासच राहिलं. एवढंच म्हणाला की बाकीचं सगळं बरोबर आहे, हा एक मुद्दा सुधारून दाखवा, सगळी चाचणी पुन्हा नको.

"पण मॅडमना तो पट्टा नको होता," मास्टर माझ्याकडे बघत म्हणाले. जणू परवानगी माझ्याकडे होती.

उत्तर त्या बुटक्या बाईनेच दिलं. केस पिळत ती म्हणाली, "लावा वो मास्टर पट्टा. ताई चांगल्याच व्हत्या. पण बुडताना कसली आलीय लाज?"

मी मान डोलावली.

पुढच्या चाचणीला मला बोलावलं नाही, गरज नव्हती. पावसाळ्यानंतर मंजुरी आली. मालकांनी फोनवर अभिनंदन केलं, ते कुणाचं हे दोघांनाही नीट कळलं नाही.

ते जॅकेट आता महाळुंग्यात शिवलं जातं आणि घाट उतरून बंदरात जातं. कॉलर आणि छातीवरचा फोम तिने केला तसाच आहे. खालचा पट्टा मास्टरांचा आहे.