तीन बाटल्यांतली चांगली कुठली?

रुग्णालयाच्या तळघरातल्या औषधखोलीत ताईंना एकवीस वर्षं झाली होती. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतंच. वॉर्डात सगळे त्यांना बाटलीताई म्हणत आणि त्याही त्या नावाला ओ देत.

थंडीत तान्ह्या मुलांचा वॉर्ड भरून जायचा. सर्दी छातीत उतरायची, बारीक श्वासनलिका सुजायच्या, बाळं दूध सोडून धापा टाकायची. त्यांना वाफेतून काय द्यावं, यावर डॉक्टरांचं एकमत नव्हतं. कुणी सूज उतरवणारं ॲड्रेनलिन द्यायचं, कुणी जास्त मिठाचं सलाईन, कुणी साधं, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. जो तो आपलंच घोडं पुढे दामटायचा. शेवटी ठरलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. आईबाप हो म्हणतील त्या बाळाची चिठ्ठी काढायची, आणि त्याला तिन्हींतलं काय मिळतंय हे डॉक्टर, नर्स, आईबाप कुणालाच कळू द्यायचं नाही. कळणार फक्त बाटल्या भरणाऱ्या ताईंना.

ताई कामाला जुंपल्या. बाटल्या हुबेहूब एकसारख्या झाल्यात का, हे बघायला त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांत खवचट नर्सला बोलावलं. तिने त्या उजेडात धरल्या, हलवल्या, हुंगल्या आणि हात टेकले. तेव्हा कुठे ताईंचं समाधान झालं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या भावाचं तीन महिन्यांचं बाळ तिथेच दाखल झालं. भावाने परवानगीच्या कागदावर सही केली आणि तडक तळघर गाठलं. आपल्या पोराला चांगली बाटली मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं. आता ताई नियम ऐकवणार असं त्याला वाटलं. त्यांनी त्याला स्टुलावर बसवलं.

"चांगली कुठली हे मला ठाऊक असतं, तर वर्षभर हा उपद्व्याप केला असता का?" त्या म्हणाल्या. "बाटलीत काय आहे ते मला कळतं. त्याने बाळ लवकर बरं होतं का, ते अजून कुणालाच कळलेलं नाही."

"म्हणजे माझ्या लेकरावर प्रयोग?"

"नको वाटत असेल तर आत्ता नाव काढ. त्याच्या देखभालीत कणभर कमी होणार नाही. मीही रागावणार नाही."

भाऊ उठून वॉर्डात परत गेला. नाव मात्र त्याने काढलं नाही.

ताईंनी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगून बाटल्या भरण्याचं काम आणि कुठल्या बाळाला काय मिळतंय त्या यादीच्या कपाटाची किल्ली औषधखोलीतल्या दुसऱ्या बाईंच्या हवाली केली. पुतण्या घरी जाईपर्यंत त्या कपाटाकडे फिरकल्या नाहीत. काम सुटलं की नुसती आत्या म्हणून वर जात, ऑक्सिजनची नळी सारखी करत आणि नर्स बाळाच्या नाकातला शेंबूड ओढून काढत असताना त्याचे पाय धरत. वाफेच्या मशीनला लागणाऱ्या बाटलीत काय आहे, हे आता त्यांनाही ठाऊक नसायचं. चौथ्या दिवशी बाळ पोटभर दूध प्यायलं, सहाव्या दिवशी ते घरी गेलं.

तिसऱ्या हिवाळ्याअखेर हिशेब लागला. तिन्ही गटांतली बाळं सारख्याच दिवसांत बरी झाली होती. काही डॉक्टरांचे चेहरे पडले, पण औषधाने फरक पडत नाही म्हटल्यावर वाफा कमी झाल्या. मास्क लागताच रडून हैराण होणारी बाळं आता निवांत झोपू लागली.

भावाने विचारलं तेव्हा ताईंनी यादी उघडून बघितली. साधं सलाईन होतं.

"म्हणजे पोरगं आपलं आपणच बरं झालं," तो म्हणाला.

"आणि दर तीन तासांनी त्याचं नाक साफ करणाऱ्या नर्स?" ताईंनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ बाळाला घेऊन त्या नर्सना भेटायला आला.