चांदाची पाऊणपट

फजल होडेकर कतारमध्ये, मुऐदरला राहायचा. एसीच्या एका कंपनीत तो स्टोअरकीपर होता, आणि वर्षातले आठ महिने त्याचं मत कुणी विचारत नसे. हिवाळ्यात मात्र विचारत.

थंडी पडली की तो, त्याची बायको सलमा आणि वसईचं एक जोडपं, जेरोम आणि एमिली, गुरुवारी दुपारी सामान भरून दक्षिणेला निघत. वक्रा शहर मागे पडायचं, पुढे डांबर संपायचं. मग टायरमधली हवा कमी करून, वाळूच्या टेकड्या चढून-उतरून खोर अल उदैदच्या काठावर तंबू ठोकायचे. इथं समुद्र एका चिंचोळ्या तोंडातून आत घुसून वाळवंटाच्या कुशीत निजल्यासारखा पडलेला असतो. तिथं फजलचा शब्द शेवटचा. कारण त्याला पाणी कळतं, असं सगळे मानत.

त्याच्या बापानं रत्नागिरीत, राजिवड्याच्या खाडीत, पन्नास वर्षं होडी चालवली होती. फजलच्या वाट्याला ना होडी आली, ना घर. आला तो एक आडाखा. चांदाच्या तारखेत एक मिळवायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो भरतीचा तास. तिथून सहा तासांनी ओहोटी. चार हिवाळे तो हे सांगत आला होता आणि चार हिवाळे सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. पडताळायची वेळ कधी आलीच नव्हती, कारण त्या थंडीत पाण्यात उतरणार कोण?

२००१च्या थंडीत ती वेळ आली.

शुक्रवारी सकाळी पाणी लांब ओसरलं होतं. अर्ध्या किलोमीटरवर वाळूचं एक टेकाड उघडं पडलं होतं आणि त्यावर रोहित पक्ष्यांची रांग उभी होती. फजलची अकरा वर्षांची अलीजा आणि जेरोमची सात वर्षांची क्रिस्टी दोघी हट्टाला पेटल्या.

"फजलभाय, गाडी जाईल काय?" जेरोमनं विचारलं.

फजलनं बोटांवर मोजलं. "आज चांदाची सात. एक मिळवला, आठ. पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला तळ. तीनपर्यंत सुकंच. आणि भांगाचं पाणी हे, लहान भरतीचं, त्यात जोर कसला?"

"तुमचं कॅलेंडर तर आमच्या पाद्रीबाबापेक्षा पक्कं," एमिली चुलीजवळून म्हणाली.

शेजारच्या तळावर मजीद होता. एका कतरी कुटुंबाचा तंबू तो हिवाळाभर सांभाळत असे. त्यानं पाण्याच्या कडेला एक लोखंडी सळई रोवून तिला हातभर उंचीवर लाल चिंधी बांधली होती. आदल्या संध्याकाळी फजल त्याला हसला होता. "मियां, पानी को नापते हो?" मजीदही हसला होता.

साडेबाराला जेरोम दोन्ही पोरींना पजेरोत घालून गेला. फजलनं तंबूमागे चटई अंथरली. मन स्वच्छ होतं. नमाज संपताना त्यानं उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे फिरवला आणि तिथंच मान थांबली. सळई दिसत होती. चिंधी नव्हती. चिंधीच्या जागी पाणी होतं.

तो उठला. टेकाडाकडे पाहिलं तर तिथं अजून सुकं होतं. पण टेकाड आणि काठ यांच्यामध्ये एक सखल पट्टा होता, सकाळी नुसता ओलसर वाटलेला. तो आता चकाकत होता. पाणी समोरून येत नाही, मागून येतं, हे बापानं त्याला शिकवलं होतं. तेवढं मात्र खरं ठरत होतं.

"सलमा, मजीदला हाक मार. दोर घेऊन ये म्हणावं." एवढं सांगून तो धावला.

पट्ट्यात पाणी गुडघाभर होतं. पलीकडे पजेरोची मागची चाकं आसापर्यंत रुतलेली. जेरोम फावड्यानं वाळू उपसत होता, आणि पोरी पायपुसण्या चाकाखाली सारत होत्या. त्यांना तो खेळ वाटत होता.

"जेरोम, सोड गाडी."

"निघते आता. दहा मिनटं."

"दहा मिनटं नाहीत."

जेरोमनं मान वर केली. "तूच बोललास ना, तीनपर्यंत सुकं?"

"चुकलो मी. चल."

"चुकलो?" जेरोम परत फावडं मारू लागला. गाडी त्याचा जीव की प्राण होती. फजलला कळलं की आता बोलून काही होणार नाही. त्यानं क्रिस्टीला उचलून खांद्यावर बसवलं, अलीजाचा हात धरला आणि मागे न बघता चालायला लागला.

"अब्बा, अंकल इज नॉट कमिंग," अलीजा म्हणाली.

"येईल. त्याची पोर माझ्याकडे आहे."

पट्ट्यात पाणी आता फजलच्या छातीशी लागलं. अलीजाचे पाय टेकेनात. त्यानं तिला आपल्या दंडाला लोंबकळू दिलं. क्रिस्टीनं त्याचे केस इतके घट्ट ओढले होते की डोळ्यांत पाणी येत होतं, आणि तेच त्याला बरं वाटत होतं. मागे छपछप ऐकू आली. जेरोम होता. त्याच्या हातात अजून फावडं होतं.

मजीदनं पलीकडून दोर फेकला. पहिल्या फेकीला तो वाहून गेला. दुसऱ्या फेकीला जेरोमनं पकडला.

काठावर एमिलीनं क्रिस्टीला टॉवेलात गुंडाळलं. फजलकडे ती पाहत नव्हती. मजीद दोर पिळत म्हणाला, "आतल्या खाडीत पाण्याची वेळ बाहेरच्यासारखी नसते, भाईजान. तोंड लहान आहे ना." हिंदीत, सावकाश, समजावल्यासारखं.

संध्याकाळपर्यंत पजेरो काचांपर्यंत बुडून उभी होती. रोहित पक्षी केव्हाच उडाले होते. जेरोम खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसला. त्यानं एक शिवी दिली असती तर फजलला सोसलं असतं. त्यानं फक्त चहाचा कप पुढे केला.

पुढच्या शुक्रवारी फजलनं नेहमीप्रमाणे राजिवड्याला फोन लावला. बापाला आता दिसत नव्हतं. तो दिवसभर ओट्यावर बसून चांदाची तारीख मोजायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भरतीची वेळ सांगायचा.

"अरे फजल, तिकडच्या पाण्याला आपली पाऊणपट लागते ना?"

सलमा भांडी पुसायची थांबली. अलीजाही वहीवरून वर बघू लागली.

"लागते बाबा," फजल म्हणाला. "मिनटाचाही फरक नाही."

त्यानं फोन ठेवला. दाराशी भिंतीला टेकून, हातभर उंचीवर लाल चिंधी बांधलेली एक नवी सळई उभी होती.