शेपूट दुखतं का?

आमच्या सासऱ्यांइतका भांडखोर माणूस पोलादपुरात दुसरा झाला नाही. कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं पहिलं उत्तर 'नाही!' "मामा, जेवता ना?" "नाही!" असं गरजत ते पाटावर बसायचे आणि वर भात मागून घ्यायचे. माझ्या लग्नात भटजींनी "कन्या देता ना?" विचारल्यावरही ते "नाही!" म्हणून मोकळे. सारा मांडव गार. मग "सवयीनं गेलं हो तोंडातून," असं भटजींवरच खेकसून त्यांनी मुलगी दिली.

धंदा वैद्यकीचा. उमरठच्या बाजूच्या वाड्यांवरून कातकरी औषधाला यायचे. पोट दुखतं? व्हय. डोकं? व्हय. मग सासरे गंभीरपणे विचारायचे, "आणि शेपूट?" त्यावरही 'व्हय' आलं की हातातलं मनगट सोडून ते हाक मारायचे, "म्हातारे, ये गो इकडं!" ओट्यावर मध विकायला बसलेली एक कातकरीण उठून यायची, रोग्याशी त्यांच्या बोलीत बोलायची आणि खरं दुखणं सांगायची. मी एकदा हसलो, तर माझ्यावर उखडले. "हसता काय जावईबापू? आपल्यासारख्यांच्या तोंडावर 'नाय' म्हणणाऱ्याला आपण पिढ्यान् पिढ्या थोबाडलंय. म्हणून ते व्हय म्हणतात. ते उत्तर नव्हे, तो नमस्कार आहे!"

मी तालुक्याच्या गावी, कचेरीत कारकून. राखीव जंगलातले खैर रातोरात साफ झाले होते. कोणत्या ठेकेदाराच्या घशात गेले हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण जंगलाच्या शिपायानं धरून आणला एक कातकरी. तीन महिने आत जाणार हे ठरल्यासारखंच. घरी बाळंतीण बायको.

"खैर तू तोडलेस?" साहेबांनी विचारलं.

"व्हय."

"एकट्यानं?"

"व्हय."

मी लिहीत होतो. शेजाऱ्याच्या बकरीविरुद्ध अर्ज द्यायला आलेले सासरे मागून ओरडले, "साहेब, दुभाष्या बोलवा!"

"कशाला? बरोबर उत्तरं देतोय की."

"देतोय म्हणूनच! मला एकच सवाल करू द्या." आणि परवानगीची वाट न बघता त्या माणसाकडे वळून म्हणाले, "का रे, तुझं शेपूट दुखतं का?"

"व्हय," तो हात जोडून म्हणाला.

कचेरी खदखदून हसली. सासऱ्यांनी काठी अशी आपटली की माझी दौत लवंडली. "दात काय काढताय? लिहा जावईबापू! आरोपीला शेपूट आहे, ते दुखतं, आणि हे त्यानं कबूल केलंय. हे लिहायची लाज वाटत असेल, तर वरचं खैराचंही खोडा!"

साहेब लालबुंद झाले. पण लिहिता येईना आणि खोडताही येईना, तेव्हा पोलादपुराहून म्हातारीला आणवलं. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. मग म्हणाली, "सायेब, ह्यानं नाय तोडलं. मोळीला गेलता, तवा ठेकेदाराची मानसं तोडीत व्हती. ह्यो शिपायाला सांगाय गेला, तं शिपायानं ह्यालाच धरला."

तो सुटला. आठ वर्षं मी त्या मेजाशी बसून सुवाच्य अक्षरात 'व्हय' लिहीत होतो, आणि अक्षराबद्दल शाबासकी घेत होतो. जळो ते अक्षर! त्यातले किती जण आत गेले, कोण जाणे.

पुढे सासरे अंथरुणाला खिळले. मी उशाशी होतो. "मामा, कळ कमी आहे ना?"

"होय."

"पेज घेता थोडी?"

"होय." घेतली मात्र नाही.

उभ्या जन्मात या माणसानं सरळ होय म्हटलं नव्हतं. मग मी भीत भीत विचारलं, "मामा, शेपूट दुखतं का?"

शिवी येईल म्हणून मी जिवाचा कान करून बसलो. एक सणसणीत 'नाही!' तरी येईल. त्यांनी माझा हात थोपटला आणि मऊ आवाजात म्हणाले, "होय."

मी उठून ओट्यावर गेलो. म्हातारी तिथं नव्हती, तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.