मोटेच्या कड्यातला बास्केटबॉल

हरण्याचा इतका मनसोक्त आनंद घेणारा माणूस निजामाच्या उभ्या मोगलाईत दुसरा झाला नसेल, आणि पलीकडच्या इंग्रजी मुलखातही असेल असं मला वाटत नाही. आमचे ड्रिल मास्तर सामना हरून आले की बघणाऱ्याला वाटायचं, जिंकूनच आले. बैलगाडीत मधोमध ताठ बसलेले, खाकी कोटाची झाडून सगळी बटणं लावलेली, गळ्यात शिट्टी, मांडीवर चेंडू आणि भोवती घसा फाटेस्तोवर गाणी म्हणणारी पोरं. वेशीत कुणी विचारलंच, "काय झालं मास्तर?" तर ते चेंडू थोपटत सांगायचे, "लई झकास झालं. पन्नासाला सहा. मागल्या सालापरीस दोन जास्ती!" पन्नास कुणाचे आणि सहा कुणाचे, हे विचारायची गरज कधी कुणाला पडली नाही.

मी कळंबला गणिताचा मास्तर म्हणून गेलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि जगात दोन अधिक दोन चार होतात यावर माझा फार भरवसा होता. शाळा गावातल्या लोकांनी कमिटी करून चालवलेली. ड्रिल मास्तर तेव्हाच पन्नाशीला टेकलेले. मूळचे सास्तूरचे, घरात कानडी, बाहेर मराठी आणि साहेबासमोर उर्दू. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नव्हतं, शाळेच्या मागच्या खोलीत एकटेच राहायचे. अंगानं काटकुळे, पण आवाज असा की त्यांनी मैदानात "सावधान" म्हटलं की बाजारातली गिऱ्हाइकंसुद्धा क्षणभर उभी राहायची. कवायतीचे आकडे मात्र ते कानडीतच मोजायचे. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु!" त्यामुळं कळंबच्या दोन पिढ्यांना आठापर्यंत कानडी चोख येतं आणि नवापासून काही म्हणता काही येत नाही. एकदा हैदराबादेहून तपासणीला साहेब आले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "ये कौनसी जबान है?" मास्तर खाडकन सलाम ठोकून म्हणाले, "साब, ये ड्रिल की जबान है." साहेबांनी मान डोलावली आणि शेऱ्यात कवायत उत्तम असल्याचं लिहून गेले.

बास्केटबॉल हा प्रकार त्यांनी हैदराबादहून आणला. तिथं कवायतीच्या ट्रेनिंगला सहा महिने होते, तेव्हा त्यांनी तो पाहिला आणि त्यांच्या डोक्यात तो जो शिरला तो निघालाच नाही. कळंबला तोवर कुस्ती आणि हुतुतू एवढंच ठाऊक. चेंडू घेऊन पळायचं नाही, त्याला लाथ मारायची नाही, समोरच्याला धरून आपटायचंही नाही, मग करायचं तरी काय, असा गावाचा रास्त सवाल होता. मास्तरांनी चिंचेच्या झाडाखाली खांब पुरला, फळी ठोकली, कडं लावलं आणि दर संध्याकाळी तिथं चाळीस पोरं गोळा व्हायला लागली. खेळात एका बाजूला पाच गडी लागतात, हा नियम मास्तरांना माहीत होता, पण मंजूर नव्हता. एखादं पोरगं बाहेर उभं राहून तोंड पाडून बघायला लागलं की यांच्या पोटात तुटायचं. मग शिट्टी वाजवून आतला एक बाहेर, बाहेरचा एक आत. बार्शीच्या सामन्यात त्यांनी एवढे गडी बदलले की पंचानं शेवटी हात जोडून विचारलं, "मास्तर, तुमचं गाव किती मोठं आहे?"

वर्षातून एकदा बार्शीच्या एका शाळेशी सामना ठरलेला असायचा. बार्शी इंग्रजी हद्दीत, म्हणजे वाटेत जकात घेणारा करोडगिरीचा नाका. एका साली नाक्यावरच्या शिपायाला संशय आला की या चामड्याच्या गोळ्यात नक्की काहीतरी दडवून नेतायत. त्यानं हवा काढायला लावली. मास्तरांनी निमूट काढली. आत हवेशिवाय काही नाही म्हटल्यावर शिपाई खजील झाला. मास्तरांनीच त्याची समजूत घातली, "तुमचं काम चोख हाय जमादार, आसंच पायजे." हवा भरायला पंप नव्हता. मग मास्तर आणि पोरं आळीपाळीनं गाल फुगवून पाच कोस तो फुग्गा फुंकत गेली आणि मैदानावर पोचेपर्यंत एकाच्याही छातीत पळायला दम उरला नव्हता. सामन्यात मास्तरांचं आणखी एक व्रत असायचं. समोरच्यांनी चेंडू टाकला की हे सगळ्यांच्या आधी टाळी वाजवायचे आणि आपल्या पोरांना भर खेळात थांबवून सांगायचे, "बघा रं बघा, मनगाट कसं वळलं त्याचं!" पोरं बघत उभी राहायची, तोवर तिकडं दुसरा पडायचा.

गंमत अशी की हीच पोरं घरच्या मैदानावर अर्जुन होती. डोळे मिटून टाकला तरी चेंडू कड्यात. बार्शीला मात्र कड्यावर गोल फिरून बाहेर. यावर पोरांचं एकमत होतं की बार्शीकर लबाड आहेत, कडी मुद्दाम बारकी करून ठेवतात. मास्तर त्यांना दटावायचे, "गप बसा. दुसऱ्याच्या घरी जाऊन कडं मोजायचं आस्तंय का?" तो विषय तिथंच मिटायचा.

तो मिटला नाही तो आप्पांमुळं. आप्पा आमच्या कमिटीचे मुख्य, धान्याचे अडत्ये, बार्शीच्या पेठेत रोजचं जाणंयेणं. त्या साली ते मोठ्या हौसेनं पेठेतल्या चार व्यापाऱ्यांना घेऊन सामना बघायला गेले. आपली पोरं चौपन्नाला चार अशी हरली, ते एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण शेवटी मास्तरांनी पोरांना रांगेत उभं करून बार्शीकरांच्या नावानं तीनदा जयघोष करवला, आणि शेजारचा व्यापारी आप्पांना म्हणाला, "तुमचा मास्तर आमच्या बाजूचा दिसतोय." आप्पा परत आले ते तापूनच. "बार्शीच्या पेठंत मला तोंड दावायला जागा ठिवली न्हाय. ह्या मानसाला काढा. फैसला झाला पायजे."

फैसल्याला आम्ही तिघं नेमले गेलो. आप्पा, हेडमास्तर आणि गणित येतं म्हणून मी. हेडमास्तर भला माणूस. ते पहिल्यापासून म्हणत होते, "अर्धी पोरं त्यांच्यासाठी शाळेत येतात. राहू द्या." आप्पांचं काढायचं ठरलेलं. म्हणजे मास्तरांची नोकरी, मागची खोली, चिंचेखालचं मैदान, सगळं माझ्या एका हातावर आलं. मला त्याचं दडपण यायला हवं होतं. आला तो मोठेपणाचा फुगारा. मी ठरवलं की भावनेच्या आहारी न जाता मोजमाप करून मत द्यायचं.

एका दुपारी मैदान रिकामं बघून मी शिडी लावली आणि फूटपट्टी घेऊन कडं मोजलं. खेळाच्या नियमात अठरा इंच. आमचं भरलं सव्वीस. दोन चेंडू शेजारीशेजारी गप्पा मारत आत जातील एवढं. मी शिडीवरून उतरतो तो खाली ड्रिल मास्तर शिडी धरून उभे. मी पडेन म्हणून ते कधीचे येऊन थांबले होते.

"मास्तर, हे कडं मोठं आहे," मी म्हणालो.

"व्हय. मोटेचं हाय ते."

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्याच लावलं की." त्यांनी शिडी आडवी करून भिंतीला लावली आणि चिंचेखाली बसत सगळं सांगून टाकलं. आधी त्यांनी लोहाराकडून बरोबर अठरा इंची कडं करून घेतलं होतं. तीन महिने एका पोराचा चेंडू आत गेला नाही. पोरं हळूहळू गळाली, शेवटी चौघं उरली. मग आप्पांच्या मळ्यातल्या विहिरीवर जुन्या मोटेचं, चामडं सडून गेलेलं कडं पडलं होतं, ते मास्तरांनी शाळेसाठी म्हणून मागून आणलं. आप्पांनी कशाला असं विचारलंही नाही. "दुसऱ्या दिशी एका बारक्या पोरानं टाकला आन् गेला की वो आत! त्ये पोरगं नाचाय लागलं. आठ दिसांत चाळीस झाली."

"पण म्हणूनच ती बार्शीला हरतात ना!"

"बार्शीला सालातनं एक दिस हारत्यात," मास्तर अगदी शांतपणे म्हणाले, "हितं रोज जिंकत्यात. तुमी गनिताचं मास्तर हाव, करा की हिशोब."

त्या हिशेबाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. खरं सांगायचं तर मी तो केलाच नाही. चुकून झालं असतं तर मी माफ केलं असतं, पण हे जाणूनबुजून केलेलं होतं, आणि त्या वयात मला माप म्हणजे माप वाटायचं. उठताना ते एवढंच म्हणाले, "आप्पाचं कडं हाय त्ये कमिटीत नका काढू. मोठ्या मनानं दिलंय त्यांनी. त्यांना बोल नको."

कमिटीत मी कड्याचं माप सांगितलं. कडं कुणाचं ते सांगितलं नाही, पण मोट म्हटल्याबरोबर आप्पांनी ओळखलं आणि ते जास्तच उखडले. "म्या कडं दिलं, पन डोस्कं तुमचं चालवायचं हुतं न्हवं?" समोर बाकावर बसलेले ड्रिल मास्तर उभे राहिले, कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "व्हय आप्पा. कड्याचा काय बी दोष न्हाय." हेडमास्तरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला कळलं होतं, नाही असं नाही. तरी मी हात वर केला तो आप्पांच्या बाजूनं.

दोन दिवसांनी ते गेले. एक ट्रंक आणि एक वळकटी. जायच्या आधी माझ्या खोलीवर आले, चेंडू माझ्या हातात दिला. मी काहीतरी बोलायला लागलो तर त्यांनीच मला सावरलं. "राग न्हाय मास्तर. मोजनी बराबर हाय तुमची. नव्या मास्तराला तेवढं सांगा, संध्याकाळी पान्याचा माठ भरून ठिवत जा म्हनावं. पोरं पळून पळून लई तहानत्यात." मी बरं म्हणालो.

नवा मास्तर सोलापूरकडचा, तरणाबांड, शिस्तीचा. त्यानं अठरा इंची कडी आणवली, चाळीसातून सात पोरं निवडली आणि त्यांना घोड्यासारखं पळवलं. बाकीची थोडे दिवस कट्ट्यावर बसून बघत होती. मग तीही दिसेनाशी झाली, आणि खरं म्हणजे ती कधीपासून येत नाहीत याकडं माझं लक्षच गेलं नाही. दुसऱ्याच साली आम्ही बार्शीला हरवलं. आप्पांनी पेढे वाटले, पोरांना खांद्यावर घेऊन गावातून मिरवलं, आणि माझं मत कसं योग्य होतं हे सगळे मला सांगत होते. मलाही तसंच वाटत होतं. दोनेक वर्षं मी त्याच तोऱ्यात होतो.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि रस्ते मोकळे झाल्यावर मी एका लग्नाला माकणीला गेलो. तिथून सास्तूर जवळच. माझ्याच्यानं राहवलं नाही. मास्तर देवळाच्या पायरीवर उन्हाला बसले होते, पार वाळलेले, डोक्याला मफलर. मला बघून तटकन उठले आणि दोन्ही हातांनी माझे खांदे धरून गदागदा हलवले. "ऐकलं म्या! बार्शीला हारवलंत म्हनं! लई आनंद झाला वो, लई आनंद!" मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. कुठं कुजकेपणा सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्या माणसाला खरोखरच आनंद झाला होता, आणि मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की आजही हे लिहिताना वाटते आहे.

त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "आता सांगा, कोन कोन खेळलं?"

मी नावं सांगायला लागलो. एकेका नावाला ते मान डोलवत एकेक बोट मिटत होते. पाच नावं झाली, मूठ मिटली. मग त्यांनी दुसरा हात पुढं केला, बोटं उघडी ठेवली आणि म्हणाले, "हां, म्होरं?"

मला पुढचं एकही नाव आठवेना.