आईची मशीन आणि तेरा व्होल्ट

वडील गेल्यावर घर आईच्या शिलाईवर चाललं. जळकोटपासून आत, माळावर आमचं एकटंच घर. तिथवर लाइटचे खांब आलेच नव्हते. आई पायानं मशीन मारायची. दिवसाला चार-पाच ब्लाउज, लगीनसराईत आठ. त्याच पायावर मी उदगीरला बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. तोवर तिचा उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी पायडल बंद करायला सांगितलं. मग खायचं काय, ते नाही सांगितलं.

मशीनला मोटर बसवली, आणि काकांनी ओळखीच्या फिटरकडून सोलर लावून दिलं. सव्वातीनशे वॅटचं दाराएवढं पॅनेल, बारा व्होल्टची बॅटरी, इन्व्हर्टर आणि मधे बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा एक स्वस्तातला कंट्रोलर. खंडेनवमीला काकांनी पॅनेलला हारही घातला. पण रोज दुपारी दोनला बॅटरी उतरली म्हणून इन्व्हर्टर ओरडायचा, मोटर थांबायची आणि आई पुन्हा पायडलवर.

फिटर म्हणाला, "धूळ बसली, पुसत जावा." मी रोज सकाळी शिडीवर चढून पुसू लागले. फिजिक्स शिकलेली मी, सहा महिने फडकं मारत राहिले. याचा राग मला काकांइतकाच स्वतःचाही आहे.

शेवटी मीटर आणला. भर उन्हात पॅनेलची तार सोडवली की चव्वेचाळीस व्होल्ट, कंट्रोलरला जोडली की तेरा. करंट नऊ अँपिअर. पॅनेलच्या पाठीवर तर छापलेलं, सदतीस व्होल्टला नऊ अँपिअर. म्हणजे बॅटरीला मिळत होते जेमतेम एकशेसतरा वॅट, बाकीचे पत्र्यावरच वाया. तो कंट्रोलर पॅनेलला सरळ बॅटरीला जोडून तिच्या व्होल्टेजवर खाली ओढत होता. एमपीपीटी म्हणतात तो कंट्रोलर पॅनेलला त्याच्या सदतीसवर चालू देतो आणि जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून बॅटरीला देतो. नऊचे चोवीसेक होतात.

फिटरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमचं पुस्तकातलं हाय. आम्ही रोज पत्र्यावर चढून राहिलो."

"मीबी पत्र्यावर चढूनच मोजलंय."

काका हसले. "वहिनी, पोरीला लई शिकवलंत. आता सूर्यालाबी शिकवंल ही."

आई मान खाली घालून म्हणाली, "भावजी म्हणतेत तसंच करू."

फिटरचं बोलणं मी विसरले असते. हे नाही विसरले.

काकांच्या सांगण्यावरून बॅटरी बदलली. कधीच पूर्ण न भरल्यानं तीही वर्षात बसली. दरम्यान आई पायडल मारतच होती.

मला नांदेडला ज्युनिअर कॉलेजात लॅब असिस्टंटची नोकरी लागली. पहिल्या पगारात नवी बॅटरी आणि एमपीपीटी कंट्रोलर घेतला, रविवारी येऊन स्वतः जोडला. चार वाजून गेले तरी इन्व्हर्टर गप्प, मोटर चालूच. काका आले, बघून म्हणाले, "औंदा ऊन चांगलं हाय."

आईचा गुडघा काही परत आला नाही. ती आता काठी घेऊन चालते.

पण मशीन सकाळी दहा ते संध्याकाळी पाच मोटरवर चालते. आई पायडल मारत नाही.